दोनशे चौदाची दुसरी चिठ्ठी

"एकच आहे, दुसरं असूच शकत नाही." हे वाक्य मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा बोलले असेन, त्याची मोजदाद नाही. बोलताना मान जरा वर व्हायची. नवऱ्याबद्दलही मी कधी इतक्या खात्रीने बोलले नाही. आज त्या वाक्याबद्दलच लिहायचं आहे, कारण त्याच्यापायी केशोरीपलीकडच्या एका गावातली एक बाई नऊ दिवस चोर ठरली. आणि माझा धंदा मला खऱ्या अर्थाने शिकवला तो तिनेच.

आधी धंदा सांगते. मी जावा नावाच्या भाषेत सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिते. सर्व्हर म्हणजे लांब कुठल्यातरी थंड खोलीतलं यंत्र. गावोगावच्या केंद्रांमधले, गिरण्यांमधले, कचेऱ्यांमधले कॉम्प्युटर त्याला एकाच वेळी शेकडो प्रश्न विचारतात आणि ते सगळ्यांना एकदम उत्तरं देत असतं. हे करताना प्रोग्राम आतल्या आत छोट्या वस्तू बनवतो. आम्ही त्यांना ऑब्जेक्ट म्हणतो. बहुतेक ऑब्जेक्ट पत्रावळीसारखे असतात, जेवण झालं की उचलून टाकायचे. पण काही ऑब्जेक्ट सगळ्यांत मिळून एकच असावे लागतात. नंबर वाटणारा ऑब्जेक्ट घ्या. दोघं नंबर वाटायला बसले, तर रांगेचं वाटोळंच. म्हणून तो एकदाच जन्माला घालायचा आणि पुढे जो कोणी येईल त्याच्या हातात तोच द्यायचा. याला सिंगलटन म्हणतात. करायला सोपं असतं. बाहेरच्यांना तो बनवण्याची मनाई करायची आणि एकच खिडकी ठेवायची. खिडकीतला आधी बघतो, बनलेला आहे का? असेल तर तोच देतो, नसेल तर बनवून देतो.

दहा ओळींचं काम. नोकरीच्या मुलाखतीला आलेली पोरं हे पोपटासारखं म्हणून दाखवतात. आणि माझ्या नोकरीतले सगळ्यात लाजिरवाणे दिवस मला याच दहा ओळींनी दाखवले आहेत.

पहिला दिवस गोंदियातल्या तांदूळ गिरण्यांचा. गिरणीतून ट्रक बाहेर पडताना जो गेटपास निघतो, त्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. चार-पाच गिरण्या एकाच सर्व्हरवर होत्या. गेटपास छापणारा ऑब्जेक्ट अर्थातच एकच, सगळ्यांच्या सामायिक वापराचा. आठवड्याने एका सेठजींचा फोन आला. "मॅडम, ट्रक मेरा, चावल मेरा, ड्राइवर मेरा, और पास पे नाम उसका! कल को बोलोगे कि मिल भी उसी की है।" 'उसका' म्हणजे समोरच्या गिरणीवाल्याचा. दोघांचं वीस वर्षांचं वाकडं.

झालं असं होतं की त्या सामायिक ऑब्जेक्टमध्ये मी 'आत्ताच्या गिरणीचं नाव' अशी एक जागा ठेवली होती. दोन गिरण्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं की एकीचं नाव दुसरीच्या नावावर जाऊन बसायचं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, की जो सगळ्यांचा आहे त्याने कुणाचंच काही स्वतःच्या खिशात ठेवू नये. चूक एका दुपारीत दुरुस्त झाली. त्या दिवाळीला मिठाईचा डबा आला, आणि वर पाठवणाऱ्याचं नाव होतं समोरच्या गिरणीचं. ही करामत आमच्या सेठजींचीच. तो डबा आम्ही खाल्ला, पण त्यातला टोमणा मला अजून पचलेला नाही.

यानंतर मी फार काळजी घ्यायला लागले. दोन मागण्या एकदम खिडकीवर आल्या तर दोन ऑब्जेक्ट बनू नयेत म्हणून दारावर कडी लावली. सामायिक ऑब्जेक्टचे खिसे शिवून टाकले. मग काय, गर्व चढायला वेळ लागत नाही.

त्याच गर्वाच्या दिवसांत धान खरेदीचं काम हाती आलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, त्यांची नाही. आमच्याकडे कापणी-मळणी झाली की शेतकरी धान घेऊन खरेदी केंद्रावर येतो. त्याची नोंद होते, नंबराची चिठ्ठी मिळते आणि नंबराप्रमाणे काटा होतो, म्हणजे वजन. तोवर धान केंद्राच्या आवारात उघड्यावर पडून. आभाळ आलं की माणसं ताडपत्र्या घेऊन धावतात. नंबर ही तिथे फार मोठी गोष्ट असते. सगळ्या केंद्रांना नंबर देणारा माझा ऑब्जेक्ट सर्व्हरवर बसला होता आणि तो एकच होता.

जानेवारीत केशोरीकडच्या एका केंद्रावरून कापगते बाबूंचा फोन आला. तिथला कॉम्प्युटर तेच सांभाळायचे. भला माणूस, फक्त आवाज मोठा.

"मॅडम, दोनशे चौदाच्या दोन चिठ्ठ्या आल्या. एक माणसाची, एक बाईची."

"एकच आहे. दुसरी असूच शकत नाही. दोनशे चौदा टाकून बघा, कोणाचं नाव येतं?"

"माणसाचं येते."

"मग झालं तर. बाईंच्या चिठ्ठीत खाडाखोड केली असेल कोणीतरी."

मी फोन ठेवला आणि चहा प्यायले. कापगते बाबूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. आवारातल्या पन्नास-साठ माणसांनी माझा आवाज ऐकला, आणि ती बाई चिठ्ठी हातात घेऊन त्या माणसांच्या मधोमध उभी होती.

नऊ दिवसांनी ती गोंदियाला माझ्या ऑफिसात आली. साठीची, काटक, डोक्यावर पदर, पायांना दोन बसगाड्यांची धूळ. नाव शेवंताबाई. बसा म्हटलं तर बसली नाही.

"तुमीच का फोनवरच्या मॅडम?"

"कोणत्या फोनवरच्या?"

"खाडाखोड केली असन म्हनल्या, त्या."

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. जणू मीच तारण मागितलं होतं. मी चिठ्ठी उजेडात धरून बघितली. खाडाखोड नव्हती. पण मी इतक्यात हार मानणारी नव्हे. म्हटलं, हल्ली छपाईसुद्धा कोणीही करतो.

"मॅडम, आमच्या गावाच्या पान्याचं काम माह्याकडं आहे," ती म्हणाली. "लोकायले नंबर मी लावून देत असतो. मी माहा नंबर कायले चोरन?"

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी थांबायला हवं. आमच्या जिल्ह्यात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले तलाव गावोगावी आहेत. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाळीपाळीने सोडणारा जो माणूस असतो, त्याला पानकर म्हणतात. कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या नंतर, हे तो ठरवतो. शेतमालक कितीही मोठा असो, तलावाच्या दाराला स्वतः हात लावत नाही. शेवंताबाईचा नवरा पानकर होता. तो गेल्यावर गावानेच तिला म्हटलं, आता तूच बघ. बारा वर्षं तिने लावलेल्या पाळीवरून गावात भांडण झालेलं नव्हतं. आणि माझ्या एका वाक्यानंतर लोक म्हणायला लागले, स्वतःचाच नंबर चोरते ती आमचा काय सरळ ठेवेल?

"उन्हारी धानाचे पऱ्हे टाकले लोकायनं. पानी पायजे. पन नऊ दिवस झाले, मी काठीले हात नाई लावला. लोक डोऱ्याकडं पाहून बोलत नाई. पऱ्हे सुकून राहिले."

उन्हाळी धानाची रोपं सुकत होती एवढं समजलं, काठीचं मला तेव्हा काही कळलं नाही. मी चिठ्ठीवरची तारीख-वेळ बघितली आणि सर्व्हरची रोजची नोंदवही उघडली. त्यात प्रत्येक क्षणाची नोंद असते. त्या दिवशीचं पान काढलं. ती वेळ काढली. शेवंताबाईचं नाव नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. "हे बघा," मी पडदा तिच्याकडे वळवला, "तुमची नोंदच नाही."

तिने पडद्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तुमच्या मशीनीत नंबर देनारे किती जन आहेत?"

"एकच."

"अन् मशीनी किती आहेत?"

मी 'एकच' म्हणायला तोंड उघडलं, तोच डिसेंबरातली गोष्ट आठवली. मी भाचीच्या लग्नात होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा निरोप आला होता की केंद्रांवर गर्दी फार आहे, एका यंत्राला झेपत नाही, शेजारी दुसरं लावू का? मी हातावरची मेंदी सांभाळत एका बोटाने उत्तर दिलं होतं, 'चालेल'.

माझा सिंगलटन एकच होता, पण एका यंत्राच्या आत. जावाचा प्रोग्राम आपल्या यंत्राच्या भिंतीपलीकडे बघत नाही. दुसऱ्या यंत्रावर तोच प्रोग्राम चालू झाला, त्यानेही खिडकीत विचारलं, बनलेला आहे का? नव्हता. मग त्यानेही एक बनवला, शेवटचा नंबर वाचून घेतला आणि तिथून पुढे वाटायला बसला. दोघेही आपापल्या घरात एकुलते एक. आणि ज्या तक्त्यात नंबर लिहिले जायचे, तिथे एक नंबर दोनदा येऊ नये असा साधा नियम घालता आला असता. मी घातला नव्हता. ऑब्जेक्ट एकच आहे म्हटल्यावर नियम कशाला? नंबर टाकून नाव शोधणारा प्रोग्रामही पहिलं नाव सापडलं की थांबायचा. तोही माझाच.

दुसऱ्या यंत्राची नोंदवही उघडली. तीच तारीख, तीच वेळ सेकंदासकट. दोनशे चौदा, शेवंताबाई.

"बाई, तुमची चिठ्ठी खरी आहे," मी म्हणाले.

"ते मले मालूम आहे," ती म्हणाली आणि तेव्हा खुर्चीवर बसली.

मी तिला पाणी दिलं, चहा मागवला. चूक का झाली ते सांगायला लागले तर तिने मला मध्येच थांबवलं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

"आमच्याकडंबी पानकर दोन आहेत. या अंगाच्या गावाची मी, त्या अंगाच्या गावाचा डोमाजी. तलाव एकच, दारं दोन. दोनी दारं संगच उघडली तं शेवटच्या बांधीत पानी जात नाई. म्हून काठी एक. काठी रायते पारावर. ज्याच्या हाती काठी, त्यानंच दार उघडाचं."

माझ्यातली इंजिनियर जागी झाली. म्हटलं, "समजा डोमाजींनी काठी नेली आणि घरी जाऊन तापाने पडले, तर?"

"झालं होतं तसं. दिवस बुडला का काठी कोनाचीच नाई. आपन जाऊन काठी आनाची, आदी दार बंद कराचं, मंग आपलं काम कराचं."

"आणि तापातून उठून तो म्हणाला, काठी माझ्याकडेच आहे, आणि दार उघडायला गेला तर?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काठीच्या लोखंडी आकड्याबिगर दाराची खुंटी निंगत नाई. उघडते कसा?"

अनेक यंत्रांवर मिळून एकच मालक कसा ठेवायचा, तो मधेच कोसळला तर काय करायचं, कोसळलेला परत उठून जुना हक्क सांगायला लागला तर त्याला कसं अडवायचं, यावर आमच्या धंद्यात जाडजूड पुस्तकं आहेत. मी त्यातली दोन वाचली होती, एक अर्धवट. या बाईच्या गावाने हे सगळं एका काठीत, एका पारात आणि एका खुंटीत बसवलं होतं, आणि कोणी त्याचा गवगवाही केला नव्हता. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं ते माझ्या कोणत्याही साहेबाबद्दल कधी वाटलेलं नाही. सरळ सांगायचं तर मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण तिला ते आवडलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी प्रोग्राम बदलला. दोन्ही यंत्रांच्या मधोमध, माहितीच्या साठ्यात एक काठी ठेवली. ज्या यंत्राच्या हाती ती काठी, त्यानेच नंबर द्यायचा. ठराविक वेळ उलटली की काठी कोणाचीच नाही. आणि तक्त्यालाही खुंटी घातली, एक नंबर त्याच केंद्रावर दुसऱ्यांदा लिहूच द्यायचा नाही. त्या प्रोग्राममध्ये या गोष्टीचं नाव आजही 'काठी' असंच आहे. नवी पोरं विचारतात, मॅडम हे काय नाव आहे? मी म्हणते, याच्याहून बरं सापडलं तर सांगा.

पण हे सगळं तिच्या कामाचं नव्हतं. चहाचा कप खाली ठेवताना मी तिला म्हटलं होतं, "मी आत्ताच कापगते बाबूंना फोन करते. स्पीकरवर ठेवायला सांगते. सगळे ऐकतील."

तिने मान हलवली. "फोनवर नाई. फोनवर बोललेलं आमी एक खेप आयकलं. आता येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघाले. पिशवीत एक कागद होता. दोन्ही नोंदवह्या ताडून बघितल्यावर त्या केंद्रावरचे एक्केचाळीस नंबर दोनदा गेलेले सापडले होते. ज्यांची नावं शोधताना दिसत नव्हती, अशा एक्केचाळीस माणसांची ती यादी. ती मी संस्थेच्या ऑफिसात मुकाट्याने देणार होते. माझी लाज तेवढ्यापुरती तरी राहावी, हा हिशोब होता, खोटं कशाला बोलू?

दोन्ही गावांच्या मध्ये तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक पिंपळ आहे. त्याच्या पारावर काठी आडवी ठेवलेली होती. साधीच, टोकाला लोखंडी आकडा, धरायची जागा हात लागून लागून काळी झालेली. माणसं जमली होती. कापगते बाबू खाली बघत उभे होते. डोमाजी पारापाशी होता, उंच, पांढऱ्या मिशांचा. शेवंताबाई बायकांमध्ये, पण जरा सुटी उभी.

मी सांगितलं. चिठ्ठी खरी आहे. यंत्रं दोन होती, हे मी तपासलं नाही. न बघता एका बाईला खोटं ठरवलं. चूक यंत्राची नाही, माझी आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग तवा काऊन एवढ्या मोठ्यानं बोलल्या?"

कापगते बाबू घाईघाईने पुढे झाले. "बाई, माहीबी चूक झाली. आजच तुमचा काटा करून टाकू. सगळ्यायच्या आदी."

"सगळ्यायच्या आदी काऊन?" शेवंताबाई म्हणाली. "मी का नंबर मोडाले उभी आहो?" मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माह्या एकटीचाच नंबर दोनदा गेला का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. एक्केचाळीस जणांचा."

"ते कोन आहेत?"

"यादी ऑफिसात देते आहे. ते कळवतील सगळ्यांना."

"मी भांडली. गोंदियाले आली. जे भांडले नाई, चुपचाप घरी गेले, त्यायचं का?" ती पाराकडे वळली. मग म्हणाली, "डोमाजी, काठी द्या त्यायच्या हाती. मॅडम, नावं वाचा."

डोमाजीने काठी उचलून मला दिली. काठी ज्याच्या हाती, त्याचं काम होईस्तोवर मध्ये कोणी बोलत नाही, ही तिथली रीत. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कागद धरून मी वाचायला लागले. नाव, गाव, नंबर. काही जणांची काट्याची पाळी अजून यायची होती, त्यांचं काही बिघडलं नव्हतं, ते हसले. काही नावं दुसऱ्या गावची होती, ती डोमाजीने ध्यानात ठेवली. सव्विसावं नाव वाचलं, तर माणसं इकडेतिकडे बघायला लागली. मी पुन्हा वाचलं. पार मागे, झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने शाळेतल्या हजेरीला करतात तसा हात वर केला.

वाचन संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. विचारलं, "बाबा, तुम्ही केंद्रावर सांगितलं का नाही?"

"सांगाचं का? पोरगा म्हने मशीन चुकत नाई. मी म्हनलो, मंग मीच चुकलो असन." त्यांनी बंडीच्या खिशातून चिठ्ठी काढली. घडीवर घडी घालून ती सुपारीएवढी झाली होती. काटा नाकारल्यावर ते धान बैलगाडीत भरून परत घेऊन गेले होते. घरात कोणाला कारण सांगितलं नव्हतं.

माझी चूक मला ऑफिसात कळली होती. ती झोंबली तिथे, त्या पिंपळाखाली. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात ती चिठ्ठी.

त्या एक्केचाळीस जणांचे काटे पुढे चिठ्ठीवरच्या वेळेच्या क्रमाने झाले. शेवंताबाईचा सातवा आला. त्या म्हाताऱ्यांचं धान कापगते बाबूंनी ट्रॅक्टर पाठवून आणवलं. आणि मी ते वाक्य सोडलं. आता कोणी विचारलं, मॅडम, हे एकच आहे ना? तर मी म्हणते, बघून सांगते. नवी पोरं आपसात हसतात, मॅडमना काहीच पाठ नसतं म्हणून.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं. माणसं पांगायला लागली तरी कोणी पूर्ण निघेना. सगळे शेवंताबाईकडे बघत होते. ती माझ्यापाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"द्या आता काठी. लय येळ झाला."

मी दिली. तिने आकडा खालच्या अंगाला वळवला, पदर खोचला आणि पाळीवरून दाराकडे चालायला लागली. तिच्या मागोमाग तिच्या गावची माणसं फावडी घेऊन आपापल्या बांध्यांकडे निघाली. कोणी तिला काही विचारलं नाही. पाणी आधी कोणाकडे जाणार, हे ती सांगेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.